उजवीकडची काच

रंगाच्या बाबतीत प्रत्यक्ष परमेश्वराची चूक काढील असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या खिडकीसमोर राहत होता. संध्याकाळी आभाळ केशरी झालं की बाकीची माणसं मोबाइल काढून फोटो घेत. समोरचे काका मात्र गॅलरीत हाताची घडी घालून उभे राहत आणि "आज लाल जरा जास्त पडलाय" असा निकाल देऊन आत जात. कालच्या सूर्यास्ताशी आजचा जुळत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं शेड जुळवली होती. गिऱ्हाइकाने कापडाचा नमुना पाठवायचा, आणि कारखान्यात तयार झालेला रंग त्याच्याशी तंतोतंत जुळतो की नाही हे यांनी डोळ्यांनी पारखून सांगायचं. पुढे त्या कामाला यंत्र आलं. पण यंत्राने पास केलेला माल काकांनी मान हलवल्याशिवाय गेटाबाहेर पडत नसे, असं काका सांगत. यंत्राची बाजू ऐकायला मिळाली नाही, त्यामुळे मी विश्वास ठेवला.

कारखान्याचा रंग अंगात इतका मुरायचा की घरी आल्यावर आंघोळीचं पाणी रंगीत जायचं. मोरीतलं पाणी बघून काकू स्वयंपाकघरातून ओळखायच्या, "आज निळा चालला होता वाटतं!" निवृत्तीनंतरही कितीतरी दिवस कानामागून जरा जरा पिवळा निघत होता म्हणे. मग तोही संपला, आणि दोन वर्षांनी काकूही गेल्या. "आता पाणी नुसतं पाण्यासारखं जातं गं," असं काका एकदा म्हणाले आणि लगेच माझ्या ओढणीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही कुर्त्याच्या लॉटची नाही. फसवलं तुला."

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. भाजीवाल्यांनी वर लाल ताडपत्री लावलेली असते आणि तिच्याखाली टोमॅटो असतो त्यापेक्षा लाल दिसतो, ही काकांच्या मते उघड उघड लबाडी होती. म्हणून ते एक टोमॅटो उचलत, रस्त्याच्या मधोमध उघड्या आभाळाखाली जात आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या खात तो उत्तरेकडे धरून बघत. उजेड उत्तरेचाच खरा, बाकी सगळे उजेड तोंडदेखले, हे त्यांचं आवडतं मत. भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "ओ काका, टमाटा घेताय का सून पसंत करताय?" काका परत येऊन गंभीरपणे म्हणाले, "सून असती तर एवढं बघितलं नसतं." सोसायटीला रंग लागला तेव्हा दोन्ही विंगांचा क्रीम रंग एक नाही, या मुद्द्यावर त्यांनी आठ दिवस काम अडवलं. सेक्रेटरींनी, कंत्राटदारांनी, आम्ही सगळ्यांनी डोळे ताणताणून पाहिलं, कोणालाच फरक दिसेना. शेवटी कंत्राटदारानेच हात जोडून कबूल केलं की मधे डबे कमी पडले आणि उरलेले दुसऱ्या दुकानातून आणले.

आई गेली तेव्हा दहाव्या-बाराव्याला लोक भेटायला येत होते. मी लग्न केलेलं नाही, घरात आम्ही दोघीच; त्यामुळे येणारा प्रत्येक जण "आता तू एकटी" हे वाक्य मला नव्याने कळवून जात होता. काका आले, अर्धा तास बसले, आणि उठताना म्हणाले, "आईंची ती श्रीखंडी साडी कोणाला देऊन टाकू नकोस. गॅलरीत वाळत असायची ती. तो रंग आता निघत नाही." माझी मावशी चिडली. मेल्या घरी साडीच्या रंगाच्या गोष्टी! पण त्या आठवड्यात ऐकलेल्यापैकी तेवढं एकच वाक्य माझ्या आईबद्दल होतं, बाकी सगळी माझ्याबद्दल होती.

आई दिवेलागणीला गॅलरीतला दिवा लावायची. ठाण्याच्या ऑफिसातून मी साडेसातच्या सुमारास परतायचे, गेटातून वर बघायचे आणि दिवा दिसला की पाय आपोआप भरभर चालायला लागायचे. ती गेल्यावर वर बघायची सवय राहिली आणि दिवा मात्र गेला. अंधाऱ्या घराचं कुलूप उघडायचं जिवावर यायचं. मग मी खाली पाण्याच्या टाकीपाशी उभी राहायचे. फोनवर काहीतरी वाचतेय असं दाखवायचे. पाच मिनिटं, कधी पंधरा. हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही अशी माझी ठाम समजूत होती.

त्याच सुमाराला काकांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. मराठीत रंगांना जितकी नावं आहेत तितकी सगळी, नमुन्यासकट, एका जागी नोंदवून ठेवायची असा त्यांचा बेत होता. आमसुली, कोनफळी, पारवा, चिंतामणी, गुलबक्षी, शेवाळी. "माझ्यानंतर लोक याला सगळ्याला डार्क आणि लाइट म्हणतील," असं ते म्हणत. त्यांची मुलगी ठाण्याला घोडबंदर रोडला राहते. ती म्हणाली, "बाबा, लॅपटॉप घ्या ना सरळ." पण तयार कपडे न घालणारा माणूस तयार कॉम्प्युटर कसा घेईल? कॉम्प्युटर जुळवूनच घ्यायचा ठरला. आतले भाग दुकानदाराने सांगितले, काकांनी होकार दिला, दहा मिनिटांत निकाल. अडलं ते कॅबिनेटवर, म्हणजे ज्या पेटीत हा सगळा संसार बसवायचा त्या पेटीवर. त्या पेट्यांना हल्ली एका अंगाला काच असते आणि आत पंख्यांभोवती रंगीत दिवे असतात; हवा तो रंग करता येतो. ते दिवे पहिल्यांदा पाहिले तेव्हा काका दुकानात लहान मुलासारखे उकिडवे बसले. दुकानदाराने लाल, हिरवा, निळा लावून दाखवला. काकांनी विचारलं, "अबोली होईल?" दुकानदार म्हणाला, "काका, पिंक आहे." तिथून पुढचे अडीच महिने आमचे शनिवार त्या पेटीने खाल्ले.

आमचे म्हणजे काकांचे आणि माझे, कारण "तुला त्या ऑनलाइनमधलं कळतं" असं म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं होतं. डोंबिवली झाली, कल्याण झालं, विठ्ठलवाडी झाली, ठाण्याची तीन दुकानं झाली. काका पेटी जवळून बघतच नसत. दुकानातले दिवे बंद करायला लावत, पेटी दाराकडे तोंड करून ठेववत, आणि स्वतः रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहत. तिथून हात वर केला की रंग वाढवायचा, खाली केला की कमी करायचा. कल्याणच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं आणि "लाइट गेलीय का?" विचारून परत गेलं. धुरकट काचेची प्रत्येक पेटी नापास झाली. "गॉगल घालून कोणी घरात बसतं का?" एवढंच त्यावर बोलले. पण खरी मेख वेगळीच होती. या पेट्यांची काच डाव्या अंगाला असते. टेबलावर उजव्या हाताला पेटी ठेवली की बसलेल्या माणसाला आतले दिवे दिसावेत, यासाठी. काकांना काच उजवीकडे हवी होती. त्यांच्या टेबलाच्या उजवीकडे खिडकी आहे.

"काका, असा पीस क्वचितच येतो," कल्याणचा दुकानदार काकुळतीला आला होता. "आणि उजवीकडे काच घेऊन करणार काय? तुम्हाला दिसणारच नाय ना लाइट!"

"मला बघायचाच नाहीये," काका म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. परतीच्या रिक्षात मी त्यांच्यावर पुष्कळ तोंडसुख घेतलं. म्हटलं, टेबल फिरवा. ते म्हणाले, मग पाठ खिडकीकडे येते. म्हटलं, पेटी डावीकडे ठेवा. मग दिवे भिंतीला दिसतात. म्हटलं, काका, छत्तीस वर्षं रंग बघितलेत आणि आता स्वतःच्या पैशाचा रंग दुसऱ्याला दाखवणार? रस्त्यावरच्या लोकांना? त्यावर ते बाहेर बघत म्हणाले, "रस्ता कुठे दिसतो आमच्या खिडकीतून?" मी हसले. त्यांच्या खिडकीतून काय दिसतं ते मला कोणी सांगायला नको होतं, कारण ते माझंच घर होतं. पण तेव्हा लक्षात आलं नाही. आपली थट्टा चांगली रंगली की आपण समोरच्याचं ऐकत नाही, ही माझी जुनी खोड.

शेवटी उजव्या काचेची पेटी मिळालीच नाही. त्यांनी सगळ्यांत नितळ काचेची एक साधी पेटी घेतली. दुकानदार स्वतः घरी येऊन बसवून गेला, आणि तो जिना उतरेपर्यंत काकांनी ती पेटी उलटी फिरवली.

त्या दिवशी मी नेहमीसारखी साडेसातला गेटातून आत आले. नेहमीसारखं वर पाहिलं, आमचा अंधार पाहिला, टाकीपाशी थांबले. आणि बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या गजांमागे, हिरवा उजेड पडला. मग तो हळूहळू पोपटी झाला, मग पिवळटला. फोन वाजला.

"दिसतंय का?" काका.

मी माझ्या घरी न जाता त्यांचेच जिने चढले. काका टेबलाशी बसले होते. पेटीची पाठ त्यांच्याकडे होती. नाकासमोर तारांचा गुंता, पत्रा आणि भोकं. चालू करायचं बटण भिंतीच्या बाजूला गेल्यामुळे हात मागे घालून चाचपत होते. सगळा झगमगाट खिडकीबाहेर, आणि घेणाऱ्याच्या वाट्याला वायरी.

"काका, अहो, हे काय!" मी म्हटलं. "एवढंच होतं तर खिडकीत बल्ब लावायचा!"

"बल्ब लावला तर लोक म्हणतील, म्हातारा दिवा बंद करायला विसरला. हा लागलाय म्हणजे समोर माणूस बसलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आई होत्या तेव्हा वर बघून भरभर चालायला लागायचीस. आता टाकीपाशी उभी राहतेस. किती वेळ ते मी मोजत नाही, पण माझा चहा गार होतो. आणि खरं सांगू का, आमची ही गेल्यापासून तुमच्या गॅलरीतला तो दिवा मीही बघत होतो. तो लागला की मी जेवायला बसायचो. तो गेला तेव्हा वाटलं, कोणीतरी लावायला पाहिजे." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. "हिरवा जरा भडक झालाय. थांब, कमी करतो."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. अडीच महिने ज्या माणसाला मी वेडा ठरवत फिरले, तो अडीच महिने माझ्या खिडकीचं माप घेऊन फिरत होता.

त्यानंतरची दीड-दोन वर्षं मी अंधाऱ्या घरात शिरले, पण समोर कोणीतरी आहे हे बघून शिरले. रोज नवा रंग असे आणि रोज माझी परीक्षा असे. मी फोन करून "गुलाबी" म्हटलं की पलीकडून हताश उसासा यायचा. "गुलाबी काय! गुलबक्षी. उद्या नीट बघून सांग." एकदा खिडकीत काहीच लागलं नाही. मी धावत गेले तर काका तापाने फणफणलेले. चार दिवस मी मऊ भात केला, त्यांच्याकडेच जेवले. बरे झाल्यावर म्हणाले, "बघ, उजवीकडे काच असल्याचा उपयोग झाला की नाही?"

मग सोसायटी पुनर्विकासाला गेली. दोन्ही विंगा रिकाम्या झाल्या. मी ठाकुर्लीला भाड्याने राहायला आले, आणि काकांना मुलगी ठाण्याला घेऊन गेली, बाविसाव्या मजल्यावर. ती दोघं नवरा-बायको रात्री उशिरा येतात. काकांच्या खोलीच्या खिडकीतून येऊरचं डोंगराळ जंगल दिसतं, घर एकही नाही. तिथेही त्यांनी पेटी उलटीच ठेवली आहे. मी म्हटलं, "काका, आता तरी सुलटी करा, तिथे कोण बघणार?" तर म्हणाले, "बिबट्या बघेल." पण रोज साडेसातला माझ्या फोनवर एका शब्दाचा निरोप येतो. पारवा. आमसुली. चिंतामणी. मी खाली जिन्याशी उभी राहून तो वाचते, डोळ्यांपुढे आणते आणि मगच वर जाते.

परवा साडेसात झाले, पावणेआठ झाले, निरोप नाही. आठला मीच फोन लावला. काकांनी तो लगेच उचलला.

"अगं, रंग लावून बसलोय. नावच येईना," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी इतका घाबरलेला ऐकला नव्हता. "हल्ली असं होतं. परवा आमसुलीसुद्धा आठवेना. हा साधा आहे गं, रोजच्यातला. ते आपलं… तुझ्या आईंची साडी. गॅलरीत वाळत असायची बघ."

"श्रीखंडी, काका."

"हां! श्रीखंडी." मग सावकाश, स्वतःलाच ऐकवल्यासारखं म्हणाले, "बरोबर. श्रीखंडी. लावलाय तो. तू खालीच उभी आहेस ना अजून?"

"हो."

"जा मग आता वर."

मी गेले.