दोन जादा चिठ्ठ्या

या सदरातले अतर्क्य अनुभव मी आजवर केवळ त्यांतल्या चुका शोधण्यासाठी वाचत आले, हे आधीच सांगून टाकते. कोणी अंधारात पाहिलेलं असतं, कोणी तापात, कोणी मामाच्या मित्राकडून ऐकलेलं... शोधलं की कुठेतरी भोक सापडतंच. आमचं घर बौद्ध. वडील भोसरीच्या कारखान्यात टर्नर होते. आमच्या दारावर लिंबू-मिरची कधी लटकली नाही आणि परीक्षेला जाताना कोणी अंगारा लावला नाही. मी स्वतः भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. थेरगावात राहते आणि चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या मापन-प्रयोगशाळेत काम करते. पुढचा प्रकार त्याच लॅबमध्ये घडला — भर दुपारी, लख्ख ट्यूबलाइटखाली, तापमान वीस अंशांवर स्थिर ठेवलेल्या खोलीत.

लॅबमध्ये आम्ही तिघी. वैशालीताई दिघीच्या जुन्या गावकरी घराण्यातल्या, वयाने आणि अनुभवाने मोठ्या. मेघना लातूरची, माझ्याच वयाची. आणि मी. मेघनाच्या उजव्या हाताबद्दल सांगणं आवश्यक आहे. मायक्रोमीटर या उपकरणात धातूचा तुकडा दोन टोकांमध्ये धरून त्याची जाडी मोजतात. ते किती आवळायचं, हे शेवटी बोटांना कळावं लागतं. मेघनाच्या बोटांना ते कळायचं. ती एकच तुकडा सकाळी मोजो वा संध्याकाळी, आकडा हलत नसे. माझा हलायचा — किंचित, पण हलायचा. मार्चमध्ये लॅबप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि तिथे दोनच नावं चर्चेत होती : तिचं आणि माझं.

डिसेंबरात आम्ही तिघींनी अंदमानला जायचं ठरवलं. स्कूबा, कयाक, जंगलातली पायपीट — साहसी सहल. प्रश्न एकच उरला : तिथे बेटावर उतरायचं कुठे? मी तीन जागा काढल्या. ‘अ’ म्हणजे बाजारपेठेतलं साधं लॉज. ‘ब’ म्हणजे जंगलाच्या कडेच्या झोपड्या. ‘क’ म्हणजे खाडीच्या आत, खारफुटीत बांधलेल्या लाकडी खोल्या. स्वतःची जेटी, स्वतःचं डायव्हिंगचं केंद्र, पण होडीशिवाय ये-जा नाही. मला ‘क’ हवं होतं. तरीही निर्णय शास्त्रशुद्ध व्हावा, म्हणून मी आमच्या कामाचीच पद्धत लावली. नव्या उपकरणाची परीक्षा घेताना तीन जणांनी (त्यांना ऑपरेटर म्हणतात) तेच तुकडे दोन फेऱ्यांत मोजायचे असतात — एकमेकांचे आकडे न बघता. तसंच करायचं : प्रत्येकीने प्रत्येक जागेला दहापैकी गुण द्यायचे, दोनदा, चिठ्ठीवर.

“राहायचं कुटं त्ये ठरवायलाबी गेज लावनार व्हय?” वैशालीताई म्हणाल्या.

“हिचं काय सांगावं ताई,” मेघना म्हणाली, “लग्नाला पोरंपण अशीच मोजंल ही. दोन फेऱ्यांत.”

“तू आधी ‘क’चे फोटो नीट बघ,” मी तिला म्हटलं.

“बघितले की. मला ते नको वाटायलंय. होडी नसली तर अडकून पडायचं. काही झालं तर?”

“तुला पोहता येत नाही, म्हणून आम्ही बाजारात राहायचं का?”



तिघी, तीन जागा, दोन फेऱ्या — मी स्वतः मोजून अठरा चिठ्ठ्या कापल्या. मिठाईच्या रिकाम्या डब्यात त्या टाकायच्या होत्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये डबा उपकरणांच्या कपाटात बंद होता आणि किल्ली माझ्याकडे होती. शनिवारी दुपारी मी तो उघडला. आत वीस चिठ्ठ्या होत्या.

अठरा चिठ्ठ्या निळ्या पेनाच्या, तिन्ही अक्षरं ओळखीची. मेघनाने तर ‘क’ला दोन्ही वेळा सातच दिले होते. (“तुम्हा दोघींना आवडलंय, तर कशाला मोडता घालू,” हे तिने नंतर सांगितलं.) उरलेल्या दोन चिठ्ठ्या हिरव्या शाईच्या. लॅबमध्ये हिरवं पेन नव्हतंच. एकीवर लिहिलं होतं : क – ०. दुसरीवर : क – ०. नको. अक्षर मागे झुकलेलं, कष्टाने काढलेलं. शून्य खालून सुरू होऊन वर डावीकडे उघडंच राहिलेलं. ती दोन शून्यं धरली, तर ‘क’ तिसरं ठरत होतं. वगळली, तर पहिलं.

मी सरळ मेघनाकडे वळले. “ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलंस ना?”

“आईशप्पथ, मी नाही गं. मला डाव्या हातानं चमचासुद्धा धरता येत नाही.”

“लॅबप्रमुख व्हायला निघालीस आणि चिठ्ठ्या घुसवतेस?”

हे मी कॅन्टीनमध्ये म्हटलं. मुद्दाम, दोन टेबलांना ऐकू जाईल असं. मग तिच्या डाव्या हातात पेन देऊन तिथेच लिहायला लावलं — ‘क’, शून्य, ‘नको’, पाच-पाच वेळा. तिचा चेहरा लाल झाला होता. असेंब्लीचा सुपरवायझर ताट घेऊन जाता जाता थांबला : “काय मॅडम, बालवाडीत ॲडमिशन का?” सगळे हसले. मीही हसले. कागदावर उमटले ते नुसते फरकाटे. चिठ्ठ्यांवरच्या अक्षराशी त्यांचं काहीच जुळत नव्हतं. त्या क्षणी तिची माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, “मुद्दाम बिघडवतेस.”

आमच्याकडे चुकीची नोंद फाडत नाहीत आणि पुसतही नाहीत. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, कारण लिहायचं, सही करायची. सवयीने मी दोन्ही हिरव्या चिठ्ठ्यांवर तेच केलं : “ऑपरेटरची चूक. विचारात घेऊ नये.” खाली माझी सही. मेघनाच्या फरकाट्यांच्या कागदासकट त्या माझ्या सरावाच्या फाइलमध्ये शेवटी लावल्या, आणि ‘क’चं बुकिंग केलं.

पहिले तीन दिवस उत्तम गेले. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही डायव्हिंगहून परत आलो; मेघना होडीतच बसून राहिली होती. होडी जेटीला लागत होती, पाणी हलत होतं. मेघना उतरायला कचरत होती आणि मला नाश्त्याची घाई होती. मी म्हटलं, “घाबरट कुठली! धर त्या खांबाला.” तिने धरला. तेवढ्यात लाटेने होडी आत ढकलली आणि तिचा उजवा हात होडी आणि खांबाच्या मध्ये सापडला. मला तो आवाज ऐकू आला.

एकदा ओहोटी लागली की त्या खाडीतून होडी निघत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. भरती येईपर्यंत दुपार झाली. वैशालीताई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ती मध्येच शुद्धीवर यायची आणि एकच विचारायची : “बोटं आहेत का गं माझी?” दवाखान्यात तीन बोटं काढावी लागली. उरलेल्या दोन बोटांना संवेदना नाही.

मार्चमध्ये मी लॅबप्रमुख झाले.

मेघनाला कंपनीने स्टोअरमध्ये घेतलं, खोक्यांवर लेबलं चिकटवायला. ऑगस्टमध्ये एका दुपारी ती लॅबच्या दारात येऊन उभी राहिली.

“मॅडम,” ती म्हणाली. पूर्वी ती मला नावाने हाक मारायची. “डाव्या हातानं लिहायला शिकलेय. एकदा मायक्रोमीटर धरून बघू द्या. नाही जमलं, तर परत विचारणार नाही.”

मी रीतसर परीक्षा लावली : दहा तुकडे, दोन फेऱ्या. ती नापास होणार याची मला खात्री होती, आणि खात्री होती म्हणूनच लावली — हेही नोंदवून ठेवते. तिने खिशातून पेन काढलं. हिरवं. स्टोअरमध्ये हिरवीच पेनं वापरतात, हे मला माहीत नव्हतं. त्या खात्याशी माझं कधी काम पडलं नव्हतं. प्रत्येक फेरीच्या आधी उपकरण शून्यावर आहे का ते पाहून ‘०’ लिहायचं असतं. तिने लिहिलं. मग दहा तुकडे मोजले, पुन्हा शून्य तपासून लिहिलं, पुन्हा दहा मोजले. उपकरण दोनदा हातातून निसटलं. आकडे कुठच्या कुठे जात होते, आणि ते तिला माझ्याआधी कळत होतं. शेवटच्या रकान्यात ‘फेरचाचणी हवी की नको’ असं विचारलेलं असतं. तिथे तिने सावकाश लिहिलं : नको.

मी कागद हातात घेतला. मागे झुकलेलं अक्षर. खालून सुरू होऊन वर डावीकडे उघडी राहिलेली दोन शून्यं...

मी फाइल काढली. आमच्याकडे सुट्या भागांचा आकार दहापट मोठा करून पडद्यावर दाखवणारं यंत्र आहे. हिरव्या चिठ्ठ्यांवरची आणि तिच्या परीक्षेच्या कागदावरची अक्षरं मी त्यावर मोठी केली, पारदर्शक कागदावर गिरवली आणि एकावर एक ठेवली. तुकडा असता, तर मी तो पास केला असता. डिसेंबरातले कॅन्टीनमधले फरकाटेही शेजारी ठेवून पाहिले. ते कशाशीच जुळत नव्हते. हे अक्षर डिसेंबरात तिच्या हातात नव्हतंच. ते तिने अपघातानंतर आठ महिने गिरवून कमावलं होतं.

मेघना माझ्या खांद्यामागून बघत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तिने चिठ्ठ्या उचलल्या, उजेडात धरल्या. मला वाटलं, आता विचारेल — हे कसं शक्य आहे? तिने ते विचारलं नाही.

“हे खोडलं कुणी?”

“मी.”

“व्हय की. सही तुमचीच आहे.”  मग तिने आपला परीक्षेचा कागद माझ्यासमोर सरकवला. “ह्याच्यावरपण करा मग. माझी बस सुटंल.”

नापास झालेल्याच्या कागदावर काय लिहायचं, तेही ठरलेलं आहे. मी लिहिलं : “ऑपरेटर अपात्र.” सही केली. ती निघून गेली. वैशालीताई कोपऱ्यातल्या टेबलावरून उठल्यासुद्धा नाहीत.

“सही तेवडी झ्याक येती बघ तुजी,” त्या म्हणाल्या.

मी सगळ्या शक्यता तपासल्या आहेत. कपाटाची दुसरी किल्ली नव्हती. डिसेंबरात आमच्या तिघींखेरीज कोणाच्याही कार्डाने लॅबचं दार उघडलेलं नाही. आणि वैशालीताईंना ‘क’ आवडलं होतं. आठ महिन्यांनी घडणारं अक्षर कोणी आधीच हुबेहूब काढून ठेवेल, हे मला मान्य करता येत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि ते नाही असं लिहिणं मला अजूनही जड जातं. वाचकांपैकी कोणाला एखादी तपासण्याजोगी शक्यता सुचली, तर जरूर कळवा.

मेघना आता रोज कंपनीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसते. 

गेल्या महिन्यात ऑडिट झालं. ऑडिटरने लॅबच्या सगळ्या फाइली चाळल्या. माझी सरावाची फाइलही त्यांत होती. हिरव्या चिठ्ठ्यांशी तो थांबला. एक आडवी रेघ, कारण, सही... त्याने मान डोलावली आणि समासात शेरा लिहिला : “खाडाखोड नियमानुसार.”