दोन पौंडांचा किलो

‘‘शी इज फ्रॉम अ व्हिलेज. पाउंड, किलो, शी गेट्स कन्फ्यूज्ड.’’

काका माझ्याकडे बोट दाखवून वजनमापाच्या इन्स्पेक्टरबाईंना सांगत होते. काका म्हणजे न्यूझीलंडमध्ये, अवोन्डेलला मी नोकरी करायचे त्या किराणा दुकानाचे मालक, मूळचे पुण्याचे. माझ्या हातात तूरडाळीचं पाकीट होतं. त्यावर मीच चिकटवलेलं लेबल : एक किलो.

कन्फ्यूज्ड म्हणे! केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलंय मी. लॅबमध्ये मिलिग्रॅम मोजलेत.

ती डाळ अमेरिकेसाठी भरलेली. पाकिटावर नुसतं ‘दोन पौंड’. न्यूझीलंडमध्ये वजन ग्रॅम-किलोत लिहावंच लागतं. म्हणून मागच्या खोलीत बसून मी लेबलं लावायची. पहिल्याच दिवशी मी म्हणाले होते, ‘‘काका, दोन पौंड म्हणजे नऊशे सात ग्रॅम.’’

‘‘तुम्हा लोकांना डिग्र्या सवलतीत मिळतात, अक्कल नाही मिळत. किलोचं लाव.’’

आणि मी लावलं. हे लपवणार नाही. माझा व्हिसा त्यांच्या दुकानाशी बांधलेला होता. घाबरले.

तुम्हा लोकांना! नोकरी देताना त्यांनी आधी आडनाव विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी माझा कप वेगळा झाला, सिंकखाली. काकू म्हणाल्या, ‘‘बॅजवर नुसतं नाव ठेव हं. आपली गिऱ्हाइकं चौकशी करतात.’’ तेही ऐकलं मी.

गावी दुकानदार माझ्या आईला तराजूजवळ येऊ देत नसे. धान्य लांबूनच तिच्या पदरात टाकायचा. किती भरलं, विचारायची सोय नव्हती. आणि इथे कुणाच्या तरी आईच्या पिशवीत माझ्याच हातानं त्र्याण्णव ग्रॅम डाळ कमी जात होती. माझी मलाच शरम वाटली.

काका मराठीत पुटपुटले, ‘‘चुकले म्हण. नाहीतर व्हिसा विसर.’’

मी हातातलं पाकीट काट्यावर ठेवलं. प्लास्टिकसकट नऊशे सोळा. मग मागच्या खोलीतून रिकामं खोकं ओढत आणलं. मी विसरू नये म्हणून काका प्रत्येक खोक्यावर मार्करनं लिहून ठेवत. त्यांचंच अक्षर : दोन पौंड बरोबर एक किलो. इन्स्पेक्टरबाईंना मराठी येत नव्हतं. मी एकेक शब्द इंग्रजीत वाचून दाखवला.

‘‘आय नो द डिफरन्स,’’ मी म्हणाले. ‘‘अँड आय टोल्ड हिम.’’

‘‘नमकहराम,’’ काका म्हणाले.

इन्स्पेक्टरबाईंनी वही उघडली. ‘‘युवर नेम, प्लीज?’’

मी नाव सांगितलं. बॅजवरचं, तेवढंच. थांबले. मग आडनाव सांगितलं. बाईंना ते लिहिता येईना. म्हणून एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, रांगेतल्या शेवटच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. काकू गल्ल्यावर मान खाली घालून उभ्या होत्या.

बॅज काढून काट्यावर ठेवला आणि बाहेर पडले.

व्हिसाचं काय व्हायचं ते होवो. खोट्या मापाला माझा हात पुन्हा लागणार नाही. आणि पुढच्या दुकानात, पुढच्या बॅजवर, माझं आडनाव असेल. ते नको असेल, तर मीही मिळणार नाही.