बिनफोडणीचा दुधी

माझ्या हृदयाची एक झडप गळकी निघाली, तेव्हा माझं वजन असं होतं की ऑटोवाला मला बसवण्याआधी वाकून टायर बघायचा. सदर भागातल्या डॉक्टरांनी समजावलं, "छातीचं हाड मधोमध कापलं, तर एवढ्या वजनावर ते जुळायला त्रास होतो. आपण उजवीकडून, दोन बरगड्यांच्या मधून लहानसा छेद घेऊन झडप दुरुस्त करू. तरी थोडं वजन उतरवून या. रोज चाला."

बायकोनं त्याच दिवशी घरातली फोडणी बंद केली. एकट्याच्या घशाखाली उतरणार नाही म्हणून तीही माझ्यासोबत उकडलेला दुधी खाऊ लागली. मी सकाळी चालायला निघायचो. चालायचो खरंच, पण तेलकट तर्री-पोह्याच्या ठेल्यापर्यंत. येताना दम लागायचा, म्हणून ऑटो.

महिन्याभरानं वजनकाट्यावर उभा राहिलो. डॉक्टरांनी काटा बघितला, मग मला, मग पुन्हा काटा. मी तोंड उघडायच्या आत बायको पुढे झाली.

"माह्याच हातून चुकून राहिलं असन, डॉक्टर. कणकेत मोहन टाकाची सवय हाय मले."

हे सांगताना तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. वजन तिचं उतरलं होतं. मी काट्यावरून उतरलो, चपला शोधल्या, सापडलेल्या चपला परत शोधल्या.

ऑपरेशन त्या वजनासकट झालं आणि नीट झालं. घरी आल्यावर मोठी बहीण भेटायला आली. माझ्या पोटाकडे बघून बायकोला म्हणाली, "तुह्या हातचं तेलच जास्त होतं वं."

बायकोनं मान डोलावली. बरगड्यांमधला छेद तोवर बराच गप्प होता, मला मात्र त्या मानेकडे बघवेना. बहीण गेल्यावर मी ठेल्याचं सांगून टाकलं.

"रोज?" तिनं विचारलं.

"सोमवारी बंद राहते तो."

ती रागावली असती तर मी काहीतरी विनोद केला असता. ती उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं मोहरी तडतडली, लसणाचा वास थेट माझ्या पलंगापर्यंत आला. मी उशी सरकवून ताठ बसलो.

तिनं दोन वाट्या आणल्या. फोडणी तिच्या वाटीत होती. माझ्यापुढं पांढराफटक दुधी ठेवून ती समोर बसली आणि जेवू लागली.

"खा," ती म्हणाली. "थंडा होऊन राहिला."