दोन मीटरांची घरघर

घराची वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी स्वयंपाकघरं वेगळी केली, विजेचे मीटर वेगळे केले. मधला दिवाणखाना तेवढा सामाईक राहिला, कारण तिथे सासऱ्यांचा स्टीरिओ होता आणि भिंतीत बसवलेले स्पीकर उपटायचे कुणी? स्टीरिओची पिन थोरल्या जावेच्या भिंतीला, तिच्या मीटरवर. समोरची भिंत धाकटीची.

दुपारी धाकटी तिथे बायकांना नाच शिकवायची. अंगानं किरकोळ, बोलायला मऊ. अपमान मात्र विसरायची नाही. तिनं नवा लॅपटॉप स्टीरिओला जोडला आणि गाण्यामागे घर्रऽऽ सुरू झालं.

"अगं बाई, नाच शिकवतेस की पीठ दळतेस?" थोरलीनं दारातूनच विचारलं. बायका हसल्या.

तेवढ्यावर थांबली तर ती थोरली कसली! एकेकीला जिन्यात गाठून ती सांगायची, "माझ्या बहिणीच्या वर्गाला जा. तिथे गाणं तरी ऐकू येतं." बघता बघता वर्ग निम्मा झाला.

"तिनंच काहीतरी केलंय," धाकटी नवऱ्याला म्हणाली.

"वहिनीनं? तिला बल्ब बदलता येत नाही."

मग धाकटी पदर खोचून बसली. वायर बदलली, घरघर तशीच. मोबाईल जोडला, आवाज स्वच्छ. पुन्हा लॅपटॉप जोडला, घरघर हजर. वैतागून तिनं चार्जरची पिन उपटली आणि एकदम शांत! चार्जर लावला की घर्र, काढला की गप्प. चार्जर तिच्या मीटरवर, स्टीरिओ थोरलीच्या. दोन्हीकडचं अर्थिंग त्या एका वायरीत येऊन भांडत होतं. लांब वायरचा बोर्ड ओढून तिनं दोन्ही पिना आपल्याच भिंतीला लावल्या. घरघर गेली.

गेलेल्या बायका मात्र परतल्या नाहीत. घरघरीचा दोष थोरलीचा नव्हता, पण बायका तिनंच पळवल्या होत्या. रोज वर्ग संपला की धाकटी स्टीरिओची पिन मुकाट्यानं थोरलीच्या भिंतीला परत लावून ठेवायची. वाट पाहणं तिला जमत होतं.

थोरले दीर निवृत्त झाले. दूर असलेल्या लेकीनं त्यांच्या फोटोंची फिल्म करून पाठवली, तिच्याच आवाजात. थोरलीनं आपल्या लॅपटॉपच्या बॅटरीवर तालीमही केली. अगदी झकास झाली. समारंभाला दिवाणखाना गच्च भरला. वर्ग सोडलेल्या बायकाही आल्या होत्या.

"जाऊबाई, मध्येच बॅटरी संपली तर फजिती," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "माझा पॉइंट घ्या ना. मी काय परकी आहे?"

थोरलीनं चार्जर धाकटीच्या भिंतीला लावला. फिल्म सुरू झाली आणि लेकीचा आवाज घरघरीत बुडाला. थोरलीनं आवाज वाढवला, घरघरही वाढली. तिनं वायर हलवली, स्पीकरवर थापट्या मारल्या. दीर कानामागे हात धरून पुढे झुकले होते. "काय म्हणतेय गं ती?"

"धाकटीला सांगा ना," वर्गातली एक म्हणाली. "तिची घरघर तिनंच घालवली."

थोरली घामाघूम होऊन जवळ आली. "बघतेस का जरा?"

"बघते की. जिन्यात माझ्याबद्दल जे सांगत होतात, ते आधी इथे परत घ्या. मोठ्यानं."

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा हात कानामागेच होता.

"हिच्या वर्गात गाणं चांगलं ऐकू येतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मीच उगाच नाही नाही ते सांगत सुटले."

धाकटीनं चार्जर उपटला. लेकीचा आवाज लख्ख आला आणि दिरांनी डोळे पुसले.

निघताना तिघींनी वर्गाची वेळ विचारली.

पाहुणे गेल्यावर कप गोळा करताना थोरली म्हणाली, "बॅटरी पूर्ण भरलेली होती माझी."

"ठाऊक होतं मला."

"म्हणजे मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम."

"माझ्यावर उगवायचा होता ना सूड? मग यांचा दिवस कशाला नासवलास?"

धाकटीनं हातातले कप खाली ठेवले.

"भाऊजींची माफी मागते," ती म्हणाली. "तुमची नाही."

आणि ती तशीच दिरांच्या खोलीकडे निघाली.