एकिला आजीचं मागणं

आमच्या आवारात चार बिऱ्हाडं आणि नळ एक. त्या नळावर एकिला आजीशी भांडून जिंकलेलं माणूस अख्ख्या किन्शासात सापडायचं नाही. इथली भाषा लिंगाला, ती बोलावी तर तिनं! बाजारात ती क्वांगा विकायची, पानात बांधून उकडलेले कसाव्याचे गोळे. घासाघीस करायला आलेलं गिऱ्हाईक तिच्या बोलण्याला हसता हसता दोन गोळे जास्तच घेऊन जायचं. मीही तिच्या शिव्या खाल्ल्यात, आणि खोटं कशाला बोलू, आवडीनं खाल्ल्यात.

तरुणपणी नवरा गेल्यावर ती माई-न्दोंबे तळ्याकाठच्या गावाहून बोटीनं इथं आली, तेव्हा तिची लेक बोलुम्बू नुकती बोलायला लागलेली. बोलायची ती गावची बोली, न्तोंबा. गल्लीतली पोरं "बोटीवरची, बोटीवरची" म्हणून चिडवायची. एकिलानं पोरीला दम भरला, "परत ती बोली काढलीस तर जिभेवर मिरची घासीन!" स्वतःही परत बोलली नाही. बोलुम्बूची न्तोंबा दुधाच्या दातांबरोबर गेली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरातल्या किकोंगो बोलीचंही तेच झालंय.

मागच्या उन्हाळ्यात आजीला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. मग एका सकाळी परत आली, तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. पण लिंगाला पार पुसून गेलेली! ती न्तोंबात बोलायची आणि आमचं एक अक्षर तिला कळत नव्हतं. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, डोळ्यांत पाणी आणून.

बोलुम्बूनं पाणी दिलं, आजीनं ढकललं. मासा दिला, जपमाळ दिली, ठेवणीतलं रंगीत कापड काढून पांघरवलं. सगळं ढकललं.

"अगं आई, काय हवंय तुला? बोटानं तरी दाखव गं!"

बोट दाराकडे जायचं. दाराबाहेर काय, तर नळ आणि माझ्या कोंबड्या.

"आईचं एवढं एक मागणं मला पुरवता येईना, ताई," बोलुम्बू मला म्हणायची. "अशीच गेली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

जन्मभर तोंडाळ म्हणून मिरवले, ते तोंड आता तरी कामाला लावावं म्हटलं.

शेवटी उठले आणि बंदरावर गेले. तळ्याकडच्या बोटी लागतात तिथं ओरडत फिरले, "न्तोंबा येते का हो कुणाला?" सुक्या माशांचा एक म्हातारा व्यापारी, इलांगाकाका, पुढं आला.

"काय बाई, लेकीसाठी तिकडचा जावई बघताय की काय?"

"जावई राहू दे, आधी जीभ द्या," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. मासे शेजारणीच्या भरवशावर टाकून आला बिचारा.

आजीजवळ बसून तो न्तोंबात बोलला मात्र, आजीचा चेहरा फुलला. तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि तेच वाक्य म्हणाली. आणखीही बरंच बोलली. काका खाली बघायला लागला.

"काय हवंय तिला, काका?" बोलुम्बूनं विचारलं. "कुठूनही आणते."

"ती म्हणते, ही बाई फार भली आहे, माझं सगळं करते. पण माझी पोर कुठंय? माझ्या बोलुम्बूला बोलवा."

बोलुम्बूनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "अहो, मीच! सांगा ना तिला, मीच आहे म्हणावं!"

काकानं सांगितलं. आजीनं तिच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं, बऱ्या हातानं तिचा गाल कुरवाळला आणि काकाला हळूच काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"राहू दे पोरी."

"काका, तुम्हाला माझी शप्पथ!"

"म्हणाली, माझी पोर असती तर माझ्याशी बोलली असती."

जाताना काकानं तिला 'आई, मी आले' एवढं न्तोंबात शिकवलं. बोलुम्बू रोज सकाळी अंथरुणाजवळ बसून ते म्हणते. आजी पाहुणीकडे बघून हसावं तशी हसते, मान हलवते, आणि परत दाराकडे बघत बसते.