पाचवं उत्तर

अनेल्मा पुरमोनेन खुर्चीत बसते, ही निव्वळ अफवा आहे. आठ वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलाशी काढली आहेत, त्यामुळे शपथेवर सांगतो. फोन कानाला, दुसऱ्या हातात कॉफीचा कप, आणि बाई खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीतून नदी दिसते, पण ती नदीकडे बघत नाही. तिला फक्त वळायला जागा हवी असते.

दर वर्षी ऑक्टोबरात आमचं विद्यापीठ पाच वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेल्यांना पत्र पाठवतं. कुठे आहात, काय करता, शिकलेलं कामाला येतं का? निम्मे लोक उत्तर देत नाहीत. त्यांना अनेल्मा फोन करते, आणि आलेल्या उत्तरांचे तक्ते मी करतो. मी पगारावर, ती तासावर. डिसेंबरात काम संपलं की तिला घरी पाठवतात आणि पुढच्या ऑक्टोबरात परत बोलावतात. हा फरक ती विसरत नाही, आणि मी विसरल्यासारखं दाखवतो.

मोज्यांच्या कारखान्यात तिची एकोणीस वर्षं गेली. तो बंद पडल्यावर इतर बायका घरी बसल्या, ही लोकसाहित्य शिकायला आली. पूर्वेकडच्या करेलिया प्रांतातल्या म्हाताऱ्या लग्नात, मर्तिकात जी विलापगीतं म्हणायच्या, त्यांच्या जुन्या टेपा ऐकून उतरवायच्या, हा तिचा विषय. मी चिडवायचो, "लोक फुकट रडतात, तू फी भरून रडणं शिकतेस." शिकताना जोडकाम म्हणून तिनं हे फोन धरले. बावन्नाव्या वर्षी पदवी मिळाली, आणि जोडकाम तेवढं उरलं.

यंदा यादी उघडली तेव्हाच घोळ माझ्या लक्षात आला. पाच वर्षांपूर्वी लोकसाहित्यातून पाचच जण बाहेर पडले होते. आमचा नियम असा की एखाद्या विषयाची पाचापेक्षा कमी उत्तरं आली, तर त्याची ओळ छापायची नाही. माणूस ओळखू येऊ नये म्हणून. नियम चांगला आहे, पण जानेवारीत बैठक होती. कुठले विषय ठेवायचे आणि कुठले बंद करायचे ते तिथं ठरणार होतं, तेही माझे तक्ते पुढ्यात घेऊन. ज्या विषयाची ओळच नाही त्याच्या बाजूनं कोण बोलणार?

नोव्हेंबरात लोकसाहित्याच्या प्राध्यापिका नाउमानेनबाई स्वतः आल्या. अंगावरचा बर्फही न झटकता दारात उभ्या राहिल्या.

"किती झाले?"

"तीन," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. अनेल्मा त्यांच्याकडे पाठ करून नदी बघत होती. त्या दिवशी मात्र खरंच नदी बघत होती.

चौथा लाउरी. तो नदीच्या वरच्या गावात मासे धुरी देऊन विकतो, आणि फोन उचलून नुसता गप्प राहतो. घाई होती म्हणून आधी मीच तीनदा केला. माझ्या अंगात धीर नाही, मी बडबडतो, तो ठेवून देतो. चौथ्यांदा अनेल्मानं केला. स्वतःचं नाव सांगितलं आणि तीही गप्प झाली. चालणंसुद्धा थांबवलं. मी घड्याळ बघत होतो, दीड मिनिट गेलं. मग पलीकडून आवाज आला आणि पुढची चाळीस मिनिटं लाउरी थांबेना.

"हे कसं जमतं गं तुला?"

"काही नाही. समोरचा बोलण्यापर्यंत यायच्या आत आपण पुढे जायचं नाही."

राहिली पाचवी. पाचवी म्हणजे अनेल्मा. तिचं पत्र ऑक्टोबरापासून तिच्या कोटाच्या खिशात होतं, न फोडलेलं. कडा काळ्या पडल्या होत्या. शेवटच्या आठवड्यात मला राहवेना.

"अगं, दहा मिनिटांचं काम आहे. भर की."

"काय भरू? शिकलेलं कामाला येतं का, तर येत नाही. तासावर फोन करते. हे लिहिलं की बाईंच्या विषयाची किंमत आणखी उतरली. आणि पाच जणांत बाई मला ओळखणार नाहीत? पुढे डॉक्टरेट कर म्हणून मागे लागल्या होत्या त्या माझ्या."

"मग थोडं चढवून लिही."

ती गर्रकन वळली, कॉफी गालिच्यावर सांडली. "आठ वर्षं लोकांना सांगतेय, जसं आहे तसं सांगा, खोटं नको. आणि मी चढवू? लाज वाटते का रे, वेइयो?"

वाटली. पण रागही आला. इकडे आड, तिकडे विहीर हे मलाही दिसत होतं, पण ही बाई दोन्हींच्या मधे येरझाऱ्या घालत होती आणि शुक्रवारी दुपारी बारा वाजता यादी बंद होणार होती.

शुक्रवारी साडेअकराला ती माझ्या टेबलापाशी आली.

"मला फोन कर."

"समोर तर उभी आहेस!"

"ज्यानं उत्तर दिलं नाही त्याला फोन जातो. सगळ्यांना गेला, मला गेला नाही. मी मला कसा करणार?"

एवढं बोलून ती कोट टांगायच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी नंबर फिरवला. भिंतीपलीकडे तिचा फोन वाजला.

"नमस्कार. विद्यापीठातून बोलतोय. पुरमोनेनबाई आहेत का? आपल्याला थोडा वेळ आहे का?"

"आहे." मागे पावलं ऐकू येत होती, फोनमधून आणि भिंतीतूनही.

"आपण सध्या काय काम करता?"

"विद्यापीठात फोन करते. तासावर."

"आपलं शिक्षण या कामात कितपत उपयोगी पडतं? एक म्हणजे अजिबात नाही, सहा म्हणजे पुरेपूर."

उत्तर नाही. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली. अकरा चाळीस झाले. मी जीभ दातांखाली धरली. समोरचा यायच्या आत पुढे जायचं नाही.

"वेइयो," शेवटी ती म्हणाली, "त्या टेपांवर ना, गाणं सुरू व्हायच्या आधी म्हाताऱ्या गप्प असतात. कोणी अर्धं मिनिट, कोणी दोन मिनिटं. बाकीचे ते सोडून द्यायचे. मी घड्याळ लावून तेही लिहून ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. लाउरीच्या वेळी मी तेच करत होते. माझ्या आत्ता लक्षात येतंय. सगळ्या फोनांवर तेच करते मी. सहा लिही."

"चढवून?"

"मूर्खा. सहा."

मी सहा लिहिलं.

"शेवटचा प्रश्न. पुन्हा संधी मिळाली तर आपण हाच विषय घ्याल का?"

पावलं थांबली. आठ वर्षांत फोनवर ही बाई चालायची थांबलेली मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. अकरा अठ्ठेचाळीस झाले, मी तरीही बोललो नाही.

"हो," ती म्हणाली. "आता फोन ठेव. मला रडायचंय, आणि तुझ्या फॉर्मात त्याला रकाना नाही."

मी फोन ठेवला आणि पाचवं उत्तर नोंदवलं. लोकसाहित्याची ओळ तक्त्यात आली.