फ्यूज पार्टीची एकुलती एक कॅसेट

रत्नपाल रंगारीच्या दुकानात बॅटरी टाकून निघालेल्या माणसाला गोंदियातले लोक विचारतात, "वापस कधी भेटन? याच जन्मात ना?" दुकान इन्व्हर्टर-बॅटरी दुरुस्तीचं. काम चोख, पण माणूस हळू. स्क्रू फिरवताना हळू, चहा पिताना हळू, नुसतं 'हव', म्हणजे 'हो' म्हणायचं तरी आधी विचार करणार. स्कूटर अशी चालवतो की नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला पायी निघालेले लोक त्याला म्हणतात, "चाला आमच्याबरोबर, लवकर पोचाल." बायको अलका तर आल्यागेल्याला सांगते, "लग्नात यायनं गळ्यात हार घालाले एवढा टाइम लावला, माह्या मायले वाटलं पोट्टा नाही म्हणते का काय!"

पण हा माणूस जन्माचा हळू नव्हता. पस्तिशीतल्या रत्नपालचा हळूपणा अवघ्या अकरा वर्षांचा, आणि तो एका कॅसेटपायी आलेला.

२००४ साली रत्नपाल चोवीस वर्षांचा होता. त्याचा दोस्त घनश्याम याने नागपुरात, सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक विलायती कॅसेट आणली. कव्हर नाही, नाव खरवडलेलं. आत बहुतेक गोरे असावेत असे काही पोट्टे जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि गिटारवर सगळे मिळून तीनच सूर. मोहल्ल्याने कानांवर हात ठेवले. रत्नपाल, घनश्याम आणि दवनीवाड्याचा जागेश्वर या तिघांना मात्र साक्षात्कार झाला. एवढं तर आपल्यालाही येतं!

अशी 'फ्यूज पार्टी' निघाली. घनश्याम ड्रमवर, जागेश्वर कॅसिओवर, गिटार आणि गाणं रत्नपालचं. जागेश्वरला एकच पट्टी यायची, पांढरी एक, म्हणून सगळी गाणी पांढरी एकमध्ये. बोली घरचीच. एक गाणं 'लाइन गेली', एक 'एसटी येते का', आणि शेवटचं 'काऊन बे', म्हणजे 'का रे', ज्यात मास्तरापासून बापापर्यंत सगळ्यांना तेवढाच एक प्रश्न विचारलेला. कॅसेटचं नावही तेच ठेवलं.

रेकॉर्डिंग जागेश्वरच्या धानाच्या कोठारात झालं. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, असा घनश्यामचा शोध. मे महिना, दिवसभर लोडशेडिंग. रत्नपालच्या बाबांचा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता, तिथून त्याने बॅटरी, माइक आणि टेपरेकॉर्डर उचलून आणला; कॅसिओ सेलवर चालायचा. एका दुपारी आठ गाणी आटोपली. प्रत्येक गाणं झालं की लगेच, तिथेच, त्याच टेपवर वाजवून पाहिलं. तिघं एकमेकांच्या गळ्यात पडले.

गोंदियात शंभर कॉप्या काढल्या. पहिली कॉपी कॉलेजजवळच्या पानठेल्यावर, मोठ्या डेकवर लावली. पहिलं गाणं बरं गेलं. पाचव्याला ठेलेवाला हसू लागला. आठव्याला रत्नपालचा आवाज असा बारीक आणि असा पळत आला की गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "गाडी सुटून रायली का बे याची?"

सगळे हसले. ते चाललं असतं. पण घरी जाताना जागेश्वर म्हणाला, "तू घाबरला रत्न्या. घाई केली. तुह्या मागं पळू पळू आम्ही मेलो."

"मले तर तसं नाही वाटलं बे."

"आपला आवाज आपल्याले बरोबर ऐकू नाही येत. टेप खरं सांगते."

टेप खरं सांगते, यावर रत्नपालने विश्वास ठेवला. गिटार विकली, कॉप्या जाळल्या, गाणं सोडलं. जागेश्वर वाजवायचा तो कॅसिओ मात्र रत्नपालच्याच पैशाचा होता म्हणून दुकानाच्या माळ्यावर राहिला. त्यानंतर, आपण ऐन वेळी घाबरून घाई करणारा माणूस आहोत, या समजुतीवर त्याने संसार उभा केला. हळू, सावकाश, जपून.

मग २०१५च्या दिवाळीत घनश्यामची भाची दुर्गेश्वरी लॅपटॉप घेऊन दुकानात आली. पोरगी पुण्याला नोकरीला. मामाच्या कपाटात तिला एक कॉपी सापडली होती. तिने ती इंटरनेटवर चढवली आणि लोक वेडे झाले होते म्हणे.

"काका, असं सुसाट ओरडत गाण्याले पंक म्हणतात! तुमचा कॅसिओ तर पुरा न्यू वेव्ह हाय, म्हणजे पंकचाच भाऊ. एक जण लिहिते का कोणाची पहिलीच कॅसेट एवढी भारी नाही ऐकली. सच में! बसा, लावते."

"नोको लावू."

"काऊन?"

रत्नपालने पुढ्यात एक बॅटरी ओढली. त्यातून अलका डबा घेऊन नेमकी दारात उभी. तिने कधी नवऱ्याचं गाणं ऐकलं नव्हतं. ती स्टूल ओढून बसली. "लाव वो बाई."

रत्नपाल मान खाली घालून बॅटरीचे टर्मिनल घासत राहिला. पहिलं गाणं गेलं. चौथं गेलं. आवाज चढत चालला, पळत चालला. त्याचे कान लाल झाले. आठव्याला, 'काऊन बे'च्या सुरुवातीला एकटा कॅसिओ वाजतो, तेव्हा त्याचा हात थांबला.

"मांगं घे. पुन्हा लाव."

तिने लावलं. रत्नपाल स्टुलावर चढला, माळ्यावरून कॅसिओ काढला, फडक्याने पुसला, पिन लावली आणि पांढरी एक दाबली. लॅपटॉपशी जुळेना. शेजारची काळी दाबली, जुळेना. पांढरी दोन दाबली. तंतोतंत.

"पहिलं गाणं लाव."

तिथे पांढरी एक बरोबर बसली. चौथ्याला काळी. आठव्याला पांढरी दोन.

"जागेश्वरले तर पांढरी एकशिवाय येतच नव्हतं," तो स्वतःशीच बोलला. मग अलकाकडे वळला. "मी घाबरलो असन. कॅसिओ कायले घाबरन?"

अलकाला काही कळलं नाही. पण रत्नपालला कळलं, कारण अकरा वर्षं तो पोटासाठी हेच करत होता. रेकॉर्डिंगच्या आधी बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात बाबांची ती बॅटरी तीन दिवस सलग चालली होती, आणि चार्जिंगला लावायचं राहिलं होतं. बॅटरी गाण्यागणिक उतरत गेली, टेपची मोटर मंदावत गेली. मंद फिरणाऱ्या टेपवर भरलेलं गाणं चांगल्या डेकवर पळणारच. आणि कोठारात बरोबर ऐकू आलं, कारण वाजवणारी बॅटरीही तीच मेलेली!

"दुर्गेश्वरी, हे हळू करता येते का?"

तिने स्क्रीनवरची वेगाची काडी डावीकडे सरकवली. गाणं पांढरी एकवर उतरलं, आणि कोठारातला चोवीस वर्षांचा पोट्टा बाहेर आला. भरदार, उर्मट, कुठेही न घाबरलेला, तालात पाय रोवून उभा. काऊन बे, काऊन बे.

"हा कोण?" अलकाने विचारलं.

"मीच."

तिने हातातला डबा खाली ठेवला. "मंग अकरा वर्ष काऊन चूप होते जी?"

दुर्गेश्वरीचं तोंड मात्र उतरलं. "काका, खरं सांगू? फास्टच भारी होतं. पंक ना!"

"तू तुही ठेव. मले माही भेटली."

त्याने जागेश्वरला फोन लावला. एरवी दोघांचं बोलणं लग्नकार्यात, तेही जेवणापुरतं.

"जागेश्वर, मी घाई केली नव्हती बे."

"कोणती घाई?"

"कॅसेटची. तू म्हटलं होतं ना, मी घाबरलो."

"मी? कधी?" जागेश्वरला आठवेना. ज्या वाक्यावर रत्नपालने अकरा वर्षं काढली, ते बोलणारा विसरूनही गेला होता. रत्नपालने मोटर, टेप, पांढरी एक, पांढरी दोन सगळं समजावलं. मग जागेश्वरने विचारलं,

"बॅटरी कोणाची होती?"

"आमचीच."

"चार्जिंगले कोणं लावाची होती?"

"मीनंच."

"मंग चूक तुहीच झाली ना बे गधड्या!"

"हव!" रत्नपाल म्हणाला, विचार न करता, आणि इतक्या जोराने हसला की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. चार्जिंगची चूक! ती तर तो रोज दहा माणसांची दुरुस्त करत होता.

त्या दुपारी दवनीवाड्याच्या एका गिऱ्हाइकाला त्याची बॅटरी अर्ध्या तासात परत मिळाली. बिचाऱ्याने घरी जाऊन शेजारच्या मेकॅनिककडून ती दोनदा तपासून घेतली.